व्हिसा सरकार देईल, दार कोण उघडणार?

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका मित्राबरोबर नारायण पेठेत भाड्याचे घर बघत फिरत होतो. मित्र मराठवाड्यातला, बौद्ध. आई-वडिलांनी उसाच्या फडावर कोयता चालवून शिकवलेला. सामाजिक न्याय विभागाच्या परदेश शिष्यवृत्तीवर तो इंग्लंडला गेला, पदवी घेतली आणि वर्गातल्याच एका मुलीशी तिथे नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगी केनियाची. पुण्यात नोकरी मिळाली म्हणून दोघे आले. तिचा व्हिसा झालेला, पोलिसांकडची नोंदणी झालेली, कागद न् कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावलेला. राहिले होते फक्त घर.

दलालाने घरमालकीणबाईंना फोनवर एवढेच सांगितले होते, की मुलगा इंग्लंडहून शिकून आलाय आणि बायको फॉरेनर आहे. बाई खूश. आम्ही जिना चढून वर गेलो तर चहाचे आधण ठेवलेले. "आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची सून जर्मन आहे हो. इतकी गोड मुलगी! संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून बसली होती." तेवढ्यात मित्राची बायको दारात चपला काढून आत आली. बाईंनी तिच्याकडे पाहिले, मग मित्राकडे पाहिले आणि विचारले, "आडनाव काय म्हणालात तुमचं?" मित्राने आडनाव सांगितले. चहा आलाच नाही.

"अहो, फॉरेनर म्हटलं की पोलिसांत कळवावं लागतं. त्या भानगडीत आम्हाला नाही पडायचं," बाई म्हणाल्या.

"मग वरच्या मजल्याचं कोणी कळवलं?" आम्ही विचारले.

"ते आमच्या ह्यांनीच केलं. पण ती मंडळी आपली आहेत."

हा लेख त्या 'आपली' या शब्दाबद्दल आहे. जर्मनीहून आलेली मुलगी सहा महिन्यांत 'आपली' होते आणि याच महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घरातला मुलगा परकाच राहतो. देशाच्या कायद्यात परदेशी कोण हे पासपोर्ट ठरवतो. पेठेतल्या जिन्यावर ते आडनाव आणि कातडीचा रंग ठरवतात. परदेशी जोडीदाराला भारतात आणण्याचा प्रश्न आपल्या पोरांना पडू लागला आहे, तेव्हा या दोन्ही व्हिसांचा हिशेब एकत्रच मांडला पाहिजे.

एक वर्ष, दोन गावे

काही मित्र म्हणतील, हे आजचे फुटकळ उदाहरण झाले. मग थोडे मागे जाऊ. साल १९२८.

इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२६ मध्ये गादी सोडली होती. त्यांना अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या नॅन्सी मिलर या तरुणीशी लग्न करायचे होते. राजा असला तरी जात आडवी आली. कारण वधू परदेशी होती एवढेच नव्हते. तिला जातच नव्हती, आणि जात नसलेल्या माणसाला या व्यवस्थेत बसायला पाट नसतो. मग तोड निघाली. मार्च १९२८ मध्ये नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हातून तिची शुद्धी झाली, तिला शर्मिष्ठा हे नाव मिळाले, धनगर समाजातल्या एका घराने तिला लेक म्हणून स्वीकारले आणि मगच लग्न लागले. म्हणजे समुद्रापलीकडच्या ख्रिस्ती मुलीला काही दिवसांत धर्मही मिळाला, नावही मिळाले आणि जातही मिळाली.

आता त्याच नाशिकमध्ये दोन वर्षांनी काय झाले ते आठवा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. याच मातीत जन्मलेली, त्याच रामाचे नाव घेणारी हजारो माणसे दाराशी उभी राहिली आणि पुढची काही वर्षे त्यांच्यासाठी ते दार उघडले नाही. सिॲटलच्या मुलीला हिंदू होता आले, नाशिकच्या महाराला देवळात जाता आले नाही. आम्हाला इथे नॅन्सी मिलर यांना किंवा त्या शंकराचार्यांना दोष द्यायचा नाही. त्या बाईंनी पुढे सारा जन्म इथेच निभावला. आम्ही बोट दाखवतो आहोत ते नियमाकडे. नियम असा, की बाहेरून येणाऱ्याला वरच्या मजल्यावर चढवता येते, पण खालच्याला जिना चढू द्यायचा नाही.

आणि त्याच १९२८ च्या एप्रिलमध्ये, याच नारायण पेठेत, केसरीच्या गायकवाड वाड्यात काय घडत होते? लोकमान्य टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत टिळक यांनी वडिलांच्या वाड्यात समाज समता संघाची शाखा काढली, सहभोजन घातले, आणि त्याला बाबासाहेब आंबेडकर आले होते. ज्या वाड्यातून चाललेल्या वर्तमानपत्राने विठ्ठलभाई पटेलांच्या आंतरजातीय विवाहाच्या विधेयकाला विरोध केला होता, त्याच वाड्यात महार आणि ब्राह्मण एका पंगतीला बसले. पेठेने श्रीधरपंतांना याची शिक्षा दिली. कोर्टकज्जे, बहिष्कार, घरातली आणि बाहेरची छळणूक. २५ मे १९२८ रोजी त्यांनी आत्महत्या केली. जाण्यापूर्वी लिहिलेल्या पत्रांतले एक पत्र बाबासाहेबांच्या नावे होते.

एका वर्षात तीन महिन्यांच्या आत या दोन गोष्टी घडल्या. परदेशी वधूला जात देणारा समाज जात नाकारणाऱ्या स्वतःच्या पोराला जगू देत नाही. त्या मालकीणबाईंच्या जिन्यावर आम्हाला १९२८ सालच दिसले.

बाबासाहेबांनी निदान केव्हाच करून ठेवले आहे

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला जातीच्या डझनभर व्याख्या शिकवल्या गेल्या. त्यातली एकच आजवर कामाला आली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी निबंध वाचला आणि सांगितले, की जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे. स्पृश्य-अस्पृश्य, सोवळे-ओवळे, रोटीबंदी ही सगळी फांद्या-पाने. खोड म्हणजे लग्न जातीतच झाले पाहिजे हा दंडक. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली त्या दंडकाची कुंपणे म्हणून आल्या, हेही त्यांनी तिथेच दाखवले. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये 'जातिसंहारा'च्या भाषणात त्यांनी उपाय सांगितला: आंतरजातीय विवाह. रक्त मिसळल्याशिवाय आपलेपणा निर्माण होत नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला ते भाषणही झेपले नाही. आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी विवाह करून बाबासाहेबांनी ते स्वतःही आचरले.

आता हे परदेशी जोडीदाराला लावून पाहा. वरकरणी वाटते, परदेशी माणसाशी लग्न म्हणजे अंतर्विवाहाची भिंत साफ कोसळली. पण सवर्ण घरात परदेशी सून येते तेव्हा भिंतीला धक्का लागतोच असे नाही. तिला मंगळसूत्र, कुंकू, गोत्र दिले जाते, म्हणजे पूर्वीच्या शुद्धीचीच सौम्य आवृत्ती. गोरी, युरोप-अमेरिकेतली असेल तर घराची पत वाढते. त्याच घरातली मुलगी शेजारच्या बौद्ध मुलाशी लग्न करते म्हणाली, की तेच घर पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन जाते. म्हणजे परदेशी सुनेचे स्वागत हा आधुनिकपणाचा पुरावा मानू नका. पुरावा हवा असेल तर त्या घराला विचारा, की शेजारची सून चालेल का?

कायद्याच्या वाटा कोणत्या आहेत?

आपल्या अनेक तरुणांना हे माहीत नसते आणि मग ते एजंटांच्या हाती लागतात. म्हणून वाटा सरळ सांगतो.

पहिली गोष्ट लग्नाची नोंद. जोडीदार बौद्ध, हिंदू, जैन किंवा शीख नसेल तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही. (बौद्धांना त्या कायद्याच्या पोटात घातलेले आहे, हे दुखणे वेगळे.) भारतात लग्न करायचे तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघेही भारतीय असण्याची अट नाही. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेले असावे, नोटीस द्यावी, ती ३० दिवस लागते, आक्षेप नसेल तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. परदेशी जोडीदाराला आपल्या देशाच्या वकिलातीकडून, लग्नाला अडथळा नसल्याचा दाखला आणावा लागतो. परदेशात लग्न करायचे तर तिथल्या कायद्याने नोंद करून दाखल्यावर अपोस्टिलचा शिक्का घ्यावा, किंवा १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यासमोर करावे. विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन मंगल परिणय करा, तो आपला अभिमान आहे. पण व्हिसाच्या अर्जाला जोडायचा असतो तो नोंदणीचा दाखला.

दुसरी गोष्ट व्हिसा. भारतीय नागरिकाच्या परदेशी पती-पत्नीला एंट्री व्हिसा मिळतो, बोलीत 'एक्स व्हिसा'. पर्यटक म्हणून येऊन इथे लग्न केले असेल तर तो एक्स व्हिसात बदलून मागता येतो. त्यासाठी ई-एफआरआरओच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, आणि चौकशी होते. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयातला परकीय नागरिक नोंदणी विभाग पाहतो. एक्स व्हिसा म्हणजे नोकरीचा परवाना समजू नका. कामाचा प्रश्न आधी विचारून घ्यावा. घरात परदेशी व्यक्ती राहायला आली, की घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन कळवायचे असते. काम दहा मिनिटांचे आहे. नारायण पेठेतल्या त्या बाईंना ज्याची 'भानगड' वाटली ती एवढीच.

तिसरी गोष्ट ओसीआय कार्ड. लग्नाची नोंद होऊन सलग दोन वर्षे झाली आणि संसार चालू असेल तर परदेशी जोडीदाराला अर्ज करता येतो. सुरक्षा तपासणी होते. कार्ड मिळाले की आयुष्यभर ये-जा करता येते, दर वेळी पोलिसांकडे जावे लागत नाही, नोकरीही करता येते. मात्र मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

चौथी गोष्ट नागरिकत्व. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ प्रमाणे भारतीयाशी लग्न केलेल्या व्यक्तीने सात वर्षे इथे वास्तव्य केले असेल तर नोंदणीने नागरिकत्व मागता येते. आपण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे जुना पासपोर्ट सोडावा लागतो.

नेपाळ आणि भूतानच्या जोडीदाराला भारतात येऊन राहायला व्हिसाच लागत नाही. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या बाबतीत उलटे. स्वतः, आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणीही त्या देशांचे नागरिक राहिलेले असेल तर ओसीआय नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा अटारीच्या नाक्यावर नवरा अलीकडे आणि बायको पलीकडे अशी कुटुंबे साऱ्या देशाने पाहिली. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचे चार जुने कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट हा एकच कायदा लागू झाला आहे. नमुने आणि नियम बदलत असतात. अर्जाच्या दिवशीचा नियम सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका.

कायद्याच्या पोटातला मनू

वाटा आहेत, हे चांगलेच. पण कायदा म्हटला की तो निर्मळ असतो असे समजणारे आम्ही नाही. संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी कबूल केले होते, की मसुदा समितीला इतकी डोकेदुखी क्वचितच दुसऱ्या एखाद्या कलमाने दिली असेल. पुढचे तपशील त्यांनी संसदेवर सोपवले. आणि संसदेने काय केले?

१९५५ च्या मूळ कायद्यात भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या 'स्त्रियांना' नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय होती. स्त्रियांना, म्हणजे भारतीय पुरुषाच्या परदेशी बायकोला. भारतीय स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला ही वाट बंद. १९८६ च्या दुरुस्तीने तिथे 'व्यक्ती' हा शब्द आला. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या नात्याने भारतीय नागरिकत्व मिळायला १९९२ उजाडावे लागले. तोवर फक्त बाप मोजला जात होता. हा वारसा वसाहतीचा आहे हे खरे, पण तो आपल्याकडे इतका सहज का रुजला? कारण स्त्री म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज हे मनूने आधीच शिकवून ठेवले होते. वरच्या पुरुषाने खालची बायको केली तर अनुलोम, चालते. उलट झाले तर प्रतिलोम, चालत नाही. प्रजासत्ताकाच्या कायद्यात हा अनुलोम-प्रतिलोम छत्तीस वर्षे नागरिकत्वाचा नियम होऊन बसला होता.

आजही पहा. परदेशी जोडीदाराचा घटस्फोट झाला तर त्याचे ओसीआय रद्द करण्याची तरतूद कलम ७ड मध्ये आहे. म्हणजे मार खाणाऱ्या परदेशी बाईला नवऱ्याने फक्त एवढे म्हणायचे, की घटस्फोट घेतलास तर देश सुटेल. जिला इथे माहेर नाही तिच्या हातून कार्डही काढून घ्यायचे, हा कुठला न्याय? ज्यांच्या लग्नालाच कायदा लग्न मानत नाही त्या समलिंगी जोडप्यांची तर गोष्टच वेगळी. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांचा चेंडू पुन्हा संसदेच्या अंगणात आहे.

आणि विशेष विवाह कायद्याची ती ३० दिवसांची नोटीस! जातीबाहेर लग्न करणाऱ्यांची नावे-पत्ते भिंतीवर लावायचे आणि आक्षेप मागवायचे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली, पण आपल्याकडे नोटीस लागतेच. उलट महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्ने करणाऱ्यांची माहिती गोळा करायला समिती नेमली. ओरड झाल्यावर 'आंतरजातीय' शब्द काढला, 'आंतरधर्मीय' ठेवला. लग्न जमवणाऱ्या दोन सज्ञान माणसांवर पाळत ठेवण्याची ही हौस अंतर्विवाहाचे कुंपण शाबूत ठेवण्यासाठीच आहे.

गेल ऑम्वेट आज आल्या असत्या तर?

परदेशी जोडीदार म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर पहिले नाव येते डॉ. गेल ऑम्वेट यांचे. अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसमध्ये १९४१ साली जन्म. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेवर, पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेत पीएच.डी. १९७६ मध्ये डॉ. भारत पाटणकरांशी लग्न करून त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. सासूबाई इंदूताई पाटणकर स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्या. त्या घराने गेलताईंना गोत्र दिले नाही, काम दिले. दुष्काळ, धरणग्रस्त, परित्यक्ता स्त्रिया, जातिअंत. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. आपल्या चळवळीला जगाच्या अभ्यासात स्थान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव वर आहे.

आता विचार करा. आज एखादी गेल ऑम्वेट लग्न करून आली आणि ओसीआय कार्डावर राहू लागली तर? ४ मार्च २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला संशोधन किंवा पत्रकारिता करायची असेल तर आधी विशेष परवानगी घ्यावी लागते. धर्मप्रसाराच्या कामालाही तेच. म्हणजे पुरणपोळी करायला परवानगी नको, जातीवर संशोधन करायला हवी! परदेशी सून स्वयंपाकघरात असली तर सुरक्षित, ग्रंथालयात गेली की संशयित. हा राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी सांगावे की सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासाने कोणाची सुरक्षा धोक्यात येते? आमच्या मते फक्त एकाच वर्गाची, आणि तो वर्ग स्वतःलाच राष्ट्र समजतो.

'हे शिकलेल्यांचे चोचले आहेत'

हा आक्षेप आमच्याच बैठकांत ऐकू येतो. वस्तीत नळाला पाणी नाही, ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, आणि तुम्ही व्हिसाचे काय घेऊन बसलात?

आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक देतो. परदेशी शिक्षणाची वाट बाबासाहेबांनी आपल्यासाठी उघडली. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर मजुरांची, सफाई कामगारांची पोरे जगभर जातात. आखातात आपले लोक ड्रायव्हर आहेत, नर्स आहेत, वेल्डर आहेत. माणूस जिथे जातो तिथे प्रेम करतो. सवर्ण घरातला मुलगा परदेशी बायको आणतो तेव्हा त्याच्यामागे वकील काका, परदेशातला मामा आणि पेठेतला वाडा असतो. आपल्या पोरामागे एक प्लास्टिकची फाइल असते. त्याला कायदा माहीत नसणे आणि घर न मिळणे हा जातीचाच प्रश्न आहे, फक्त तो विमानतळावरून आलेला आहे.

जग यातून सुटलेले आहे असेही नाही. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून परदेशी जोडीदार आणायला वर्षाला २९,००० पौंड मिळकतीची अट घातली आहे. तिथे पगार मोजून प्रेमाला परवानगी मिळते, इथे आडनाव मोजून. आणि त्याच सिॲटल शहराने, जिथून आलेल्या मुलीला १९२८ मध्ये जात घ्यावी लागली, फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. आपली जात इतकी लांब पोहोचली, की पंचाण्णव वर्षांनी त्या शहराला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला!

आता थोडे आपल्या घरात

दुसऱ्याच्या जिन्यावर बोट ठेवणे सोपे असते. ज्या मित्राला नारायण पेठेत घर मिळाले नाही, तो पुढच्या आठवड्यात आपल्याच लोकांच्या वस्तीत घर बघायला गेला. घर मिळाले. पण पहिल्याच रविवारी विहाराच्या पायरीवर बायका कुजबुजल्या, "पोरं कशी व्हायची?" एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "गोरी तरी करायची होती. आफ्रिकेची का केली?" हा माणूस चाळीस वर्षे निळा झेंडा खांद्यावर घेऊन चालला आहे.

आम्ही त्या रात्री नीट झोपलो नाही. गेल ऑम्वेटांच्या फोटोला हार घालणारे आपण, केनियाच्या मुलीला वेगळे का मोजतो? रंगाची उतरंड ही जातीच्या उतरंडीची सख्खी बहीण आहे. वधूवर मेळाव्यात आजही पोटजात विचारली जाते, गोरा रंग मागितला जातो, आणि मग व्यासपीठावरून जातिसंहाराची भाषणे होतात. आपल्यात येणाऱ्या माणसाला आपण शुद्धी देत नाही, दीक्षेची सक्ती करत नाही, ही आपली चांगली बाजू. तिला प्रेम मात्र पूर्ण दिले पाहिजे. अत्त दीप भव म्हणणाऱ्यांना दुसऱ्याच्या कातडीवरून उजेड मोजता येत नाही.

आणखी एक स्पष्ट बोलतो. केवळ परदेशाचा पासपोर्ट मिळावा म्हणून लग्न करणारे आणि काम झाल्यावर सोडून देणारे आपल्यातही आहेत. ते बंड नव्हे, फसवणूक आहे. अशा पोराच्या पाठीशी चळवळीने उभे राहू नये.

मग करायचे काय?

पहिले, प्रत्येक शहरात एका विहारात महिन्यातून एक दिवस विशेष विवाह कायदा, व्हिसा आणि ओसीआय यांची माहिती देणारे मदतकेंद्र चालवा. आपल्याकडे वकील आहेत, परदेशातून परतलेली पोरे आहेत. ज्याने स्वतः अर्ज भरला तोच उत्तम मार्गदर्शक.

दुसरे, ज्यांच्याकडे भाड्याने द्यायला खोली आहे त्यांनी परदेशी सूनबाई-जावयाची ऑनलाइन माहिती कशी भरायची ते शिकून घ्या. दहा मिनिटांच्या कामासाठी आपले कोणी दारातून परत जाता कामा नये.

तिसरे, मागण्या ठरवा. ३० दिवसांच्या नोटिशीची जाहीर प्रसिद्धी बंद करा. अत्याचार सोसून घटस्फोट घेणाऱ्या परदेशी जोडीदाराचे ओसीआय काढून घेऊ नका. संशोधनावरची परवानगीची अट हटवा. जात किंवा वंश पाहून घर नाकारण्याविरुद्ध खासगी घरमालकालाही लागू होईल असा कायदा करा. संविधानाचे कलम १४ आणि कलम २१ 'व्यक्ती'बद्दल बोलतात, केवळ नागरिकाबद्दल नाही. परदेशी माणसाला इथे राहण्याचा मूलभूत हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. पण त्याच्या जोडीदाराला, इथल्या नागरिकाला, आपला संसार इथे थाटण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न आपण विचारायचा आहे.

चौथे, मुलांच्या जातीच्या दाखल्याची काळजी आधीच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नाईका प्रकरणात सांगितले, की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात केवळ बापावरून आपोआप ठरत नाही, ते मूल कोणत्या परिस्थितीत वाढले हे पाहावे लागते. म्हणून शाळेचे दाखले, रहिवास, कुटुंबाची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. आई बौद्ध आणि बाप परदेशी असेल तर हे दुप्पट महत्त्वाचे.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा नारायण पेठेत गेलो होतो, मित्राच्या बायकोला केसरीवाडा दाखवायला. तिने विचारले, इथे काय झाले होते? आम्ही तिला श्रीधरपंतांची गोष्ट सांगितली. सहभोजन, बाबासाहेब, ते पत्र. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे या गल्लीत एकदा दार उघडलं होतं."

हो. एकदा उघडले होते. ज्याने उघडले त्याला पेठेने जगू दिले नाही, पण दार उघडू शकते हे त्याने दाखवून दिले. शंभर वर्षे व्हायला आता दोनच वर्षे उरली आहेत. तोवर सरकारकडून व्हिसा मिळवू आणि समाजाकडून जागा हिसकावून घेऊ. पण त्याआधी आपल्या स्वतःच्या दाराची कडी आतून लागलेली नाही ना, हे पाहू.

जय भीम!